थंडरएग फोडायचं की कापायचं? आणि कापायचं तर कुठून?

प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे मागाहून वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात बीव्हरटनला राहता. प्राइनव्हिलजवळच्या ओचोकोच्या जंगलातून बादलीभर थंडरएग, म्हणजे ज्वालामुखीच्या खडकातले अंड्यासारखे गोल दगड, खणून आणलीत. त्यातली दोन हातोडीने फोडली. एकाचा चुरा झाला, दुसऱ्यात छान निळसर अकीक (अ‍ॅगेट) निघाला, पण तोही तीन-चार ठिकाणी तडकला. आता उरलेल्यांसाठी टाइल कापायची करवत घ्यावी का, कोणत्या अंड्यात काय आहे ते बाहेरून कळतं का, आणि सिन्नरला वडिलांसाठी एखादी जोडी कशी न्यावी, असं तुम्ही विचारलंय.

करवतीचं उत्तर एका ओळीत देते: आत्ताच घेऊ नका. पण तुमची खरी अडचण करवतीची नाहीच. आपल्याकडे विहीर खणताना किंवा खाणीत जशी पोकळ गारगोटी सापडते, तसंच हेही असेल असं धरून तुम्ही हातोडी घेतलीत. घाव बसला की नारळासारख्या दोन वाट्या सुटतील, ही अपेक्षा होती. थंडरएग बहुतेक वेळा आतून भरीव असतं. ते कुठल्या बाजूने उघडलं, यावर आतलं चित्र दिसणार की वाया जाणार हे ठरतं. मधोमध कट एकदाच घेता येतो. म्हणून मी जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं पातं फिरायला लागण्याच्या आधीचं आहे.

आपल्या दख्खनच्या दगडात आणि यात फरक काय, ते आधी नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये बेसॉल्टचा लाव्हा थरावर थर वाहिला. तो पातळ होता, त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि कातळात पोकळ्या राहिल्या. पुढे त्या पोकळ्यांत खनिजयुक्त पाणी झिरपत राहिलं आणि स्टिलबाइट, ह्युलँडाइट, अपोफिलाइट यांचे स्फटिक मोकळ्या जागेत वाढले. पुण्याजवळच्या खाणींतला हिरवा अपोफिलाइट, वाघोलीचा गर्द निळा कॅव्हनसाइट ही त्यातलीच मंडळी. तुमच्या वडिलांनी सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात हे सगळं पाहिलेलं असणार. ते स्फटिक मऊ असतात, ठरावीक पातळीवर सहज दुभंगतात, म्हणून त्यांना करवत लावत नाहीत. छिन्नीने आजूबाजूचा कातळ हळूहळू काढतात.

थंडरएगचं घराणंच वेगळं. तो बेसॉल्टमधला बुडबुडा नाही. मध्य ओरेगॉनमध्ये साधारण ४ कोटी ते २ कोटी वर्षांपूर्वी प्रचंड स्फोटक ज्वालामुखी होते. प्राइनव्हिलच्या आसपास तर सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वीचं एक अवाढव्य ज्वालामुखीकुंड आहे, आज त्यावर गाव आणि शेतं आहेत. तिथून निघालेला लाव्हा आणि राख बेसॉल्टच्या उलट सिलिकाने, म्हणजे गार ज्याची बनते त्या द्रव्याने, गच्च भरलेली, चिकट, रायोलाइट जातीची. ती निवताना काचेसारखी घट्ट झाली आणि त्या काचेत एखाद्या बिंदूपासून सर्व बाजूंना फेल्डस्पार नावाच्या खनिजाच्या आणि सिलिकाच्या अतिसूक्ष्म सुया वाढत गेल्या. त्यातून गोळे तयार झाले. गोळ्याच्या मध्यभागी भेग उघडली. ती आतल्या वाफेच्या दाबाने उघडली की आकुंचनाने, यावर भूशास्त्रज्ञांचं एकमत नाही. पण भेग गोल उघडली नाही, कोनाकोनांनी उघडली. पुढे सिलिकायुक्त पाण्याने ती जागा भरत आणली. कधी अकीक, कधी जास्पर (त्याचाच अपारदर्शक भाऊ), कधी ओपल, कधी शेवटी उरलेल्या पोकळीत गारेचे स्फटिक. भोवतालची काच कुजून माती झाली आणि कडक गोळे तेवढे उरले. कापल्यावर दिसणारी चांदणी म्हणजे ती कोनांची भेग. १९६५ मध्ये ओरेगॉनने याच दगडाला राज्याचा दगड म्हणून मान दिला.

आता निवड. आत काय आहे हे बाहेरून शंभर टक्के सांगता येत नाही, आणि तसं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पण अंदाज बांधता येतो. सगळ्यात भरवशाची खूण अंड्यावर नसते, खड्ड्यात असते. आधीच्या लोकांनी फोडून टाकलेले तुकडे खड्ड्याच्या काठावर पडलेले असतात. ते उचला, ओले करा, उन्हात धरा. एका जागी एका थरातली अंडी बरीचशी एकसारखी भरलेली असतात. ओचोकोतल्या व्हाइट फर स्प्रिंग या खणायच्या जागी बहुतेक जास्परच मिळतो, तिथे पारदर्शक अकीक शोधत बसून हाती काही लागणार नाही. पुढच्या वेळी खणायला सुरुवात करण्याआधी असे तुकडे नीट पाहा.

नंतर पृष्ठभाग बघा. अंडी घासायच्या ब्रशने आणि पाण्याने स्वच्छ धुवा, मातीच्या थराखाली काहीही कळत नाही. अगदी गुळगुळीत, एकसारखा गोल गोळा असेल तर आत भेग उघडलीच नसण्याची शक्यता जास्त. असे गोळे कापले की तपकिरी रायोलाइट आणि फक्त तपकिरी रायोलाइट. ज्यावर वरंबे आहेत, म्हणजे उठून आलेल्या कडा एकमेकींना मिळताना दिसतात, ती अंडी बाजूला काढा. भेगेची टोकं पृष्ठभागापर्यंत किंवा त्याच्या जवळ पोचली असली की बहुधा तिथे असा वरंबा उठतो. काही वेळा वरंब्याच्या माथ्यावर केसासारखी बारीक, अर्धपारदर्शक रेघ असते. ती रेघ म्हणजे आतला अकीक बाहेर डोकावतोय.

वजनावरून लोक फार निष्कर्ष काढतात. त्यात अर्धंच तथ्य आहे. सारख्या मापाच्या दोन अंड्यांतलं एक लक्षणीय हलकं लागलं तर त्यात पोकळी आहे, हे बरोबर. पण भरीव अकीक आणि भरीव रायोलाइट यांच्या घनतेत हाताला जाणवेल इतका फरक नाही, त्यामुळे ‘जड आहे म्हणजे अकीक भरलाय’ हा तर्क टिकत नाही. त्यापेक्षा आवाज ऐका. अंडं तळहातावर सैल धरून छोट्या हातोडीने हलकं टिचकावा. खणखणीत आवाज आला तर ते सलग आहे. बद्द आवाज आला तर आत तडा आहे. जमिनीच्या वरच्या थरात मिळणारी अंडी हिवाळ्यातल्या गोठण्या-वितळण्याने तडकलेली असतात, थोडं खोल खणलेली जास्त शाबूत निघतात. तुमच्या दोन अंड्यांपैकी एकाचा पार चुरा झाला त्यात सगळा दोष हातोडीचा नसेल, ते आधीच खिळखिळं झालेलं असू शकेल.

तरीही हातोडी नकोच. अकीकाला स्फटिकांसारखी दुभंगण्याची ठरलेली पातळी नसते. तो काचेसारखा, शिंपल्याच्या आकाराच्या खपल्यांनी फुटतो आणि घावाचा जोर मनाला येईल तिकडे जातो. त्यात कवच एका जातीचं आणि गाभा दुसऱ्या जातीचा, त्यामुळे दोघांच्या सीमेवर ते वेगळं होतं. साखळी आवळून दगड तोडायचं एक अवजार मिळतं, ते पोकळ गोळ्यांसाठी उत्तम आहे, पण भरीव थंडरएगवर त्याचाही उपयोग नाही.

आता कुठून कापायचं. याच कामाला मी सर्वांत जास्त वेळ देते, आणि तुम्हीही द्या अशी कळकळीची विनंती आहे. अंडं ओलं करा आणि मेणाच्या पेन्सिलीने प्रत्येक वरंब्यावर रेघ ओढा. आता ते हातात फिरवत राहा. एक बाजू अशी सापडेल जिथून वरंबे जणू एका ध्रुवाकडून दुसऱ्या ध्रुवाकडे जातायत असं दिसतं. पातं विषुववृत्तावरून जायला हवं, म्हणजे जास्तीत जास्त वरंब्यांना काटकोनात छेदत, मध्यातून. असा कट मिळाला तर भेगेचे सगळे कोन एकाच पातळीवर उघडे पडतात आणि चांदणी पूर्ण दिसते. उलट, पातं एखाद्या वरंब्याच्या लांबीने गेलं तर नुसता लांबट डोळा दिसतो. तोही कधीकधी देखणा असतो, पण बहुतेकांना हवी असते चांदणी. वरंबे गोंधळात टाकणारे असतील, एकही दिशा ठाम वाटत नसेल, तर सर्वांत रुंद घेरावरून कापा. तिथे गाभ्याचा मोठा भाग हाती लागण्याची शक्यता अधिक.

एक अपवाद आहे. काही अंड्यांत अकीक कडेकडेने न साचता तळाशी सपाट थरांनी साचलेला असतो, पाण्याच्या पातळीच्या रेघा असाव्यात तसा. हे थर साचले त्या वेळची आडवी पातळी दाखवतात, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी खाली कुठली बाजू होती ते तुम्हाला कळतं. ते थर नीट दिसायला कट त्यांना काटकोनात हवा. पण हे कळतं पहिला कट झाल्यावर. म्हणून एकाच खड्ड्यातली अंडी असतील तर सगळ्यांत सुमार दिसणारं आधी कापा. ते काय दाखवतं त्यावर बाकीच्यांची दिशा ठरवा.

दिशा ठरली की पकड. गोल वस्तू शिकंज्यात धरणं हे या कामातलं सर्वांत अवघड काम आहे, आणि पाती बिघडतात ती इथेच. कट चालू असताना दगड केसभर जरी वळला तरी पातं अडकतं, वाकतं, आणि एकदा बाक आलेलं पातं पुन्हा सरळ कापत नाही. शिकंज्याच्या दोन्ही जबड्यांत मऊ लाकडाच्या पट्ट्या आणि पाचरा घाला, निदान तीन ठिकाणी पक्का टेकू मिळायला हवा, मग हाताने जोर लावून हलवून बघा. हललं तर पुन्हा मांडा. फारच वेडंवाकडं अंडं असेल तर दुधाच्या कागदी खोक्यात प्लास्टर ओतून त्यात ते बसवा, वाळू द्या आणि सपाट बाजूंचा तो ठोकळा शिकंज्यात धरा. खोक्यावर बाहेरून कटाची रेघ आखून ठेवायला विसरू नका, कारण प्लास्टरमध्ये गेल्यावर तुमच्या पेन्सिलीच्या खुणा दिसणार नाहीत. पातं जिथे टेकणार तिथला पृष्ठभाग उतरता असेल तर पहिले काही क्षण अगदी हलक्या दाबाने खाच पाडून घ्या, नाहीतर पातं बाजूला घसरतं.

यंत्राचं उत्तर तुमच्या अंड्यांच्या मापावर अवलंबून आहे. तुम्ही दिलेल्या फोटोत बरीचशी ३ ते ४ इंचांची वाटतात, दोनेक त्याहून मोठी. ७ इंची पात्याच्या टाइल सॉमध्ये, म्हणजे टाइल कापायच्या करवतीत, पातं जेमतेम २ इंच वर येतं. म्हणजे ३ इंचांचं अंडं अर्धं कापून, उलटं फिरवून, दुसरा अर्धा कापावा लागतो. दोन कट तंतोतंत जुळत नाहीत, मध्ये पायरी राहते आणि ती घासून काढण्यात सगळा उत्साह संपतो. शिवाय टाइल सॉवर दगड हातानेच ढकलायचा असतो, आणि गोल दगड हाताने धरणं मला अजिबात मान्य नाही. १० इंची ट्रिम सॉमध्ये, म्हणजे दगड कापायच्या छोट्या करवतीत, साधारण ३ इंचांपर्यंत एका कटात जातं. त्याहून मोठ्यांना आणखी मोठ्या पात्याचा स्लॅब सॉ लागतो, ज्यात शिकंजा आपोआप हळूहळू पुढे सरकतो. ४ इंचांच्या अंड्याला त्यात अर्धा तास लागला तरी लागू द्या. घाई केली की पात्याच्या खुणा खोल पडतात आणि त्या काढायला तासन्‌तास जातात.

म्हणून माझा सल्ला: निवडलेली तीन-चार अंडी, त्यांवर कटाची रेघ स्पष्ट आखून, दगडांच्या दुकानात किंवा लॅपिडरी क्लबमध्ये, म्हणजे दगड कापून पॉलिश करणाऱ्या हौशींच्या मंडळात, न्या. पोर्टलंड-हिल्सबरो भागात असे क्लब आहेत आणि सदस्य झाल्यावर जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली यंत्रं वापरायला शिकता येतं. रेघ न आखता बादली देऊन आलात तर कापणारा सोयीचं दिसेल तिथून कापेल, त्यात त्याची चूक नाही. जायच्या आधी हिल्सबरोचं दगड-खनिजांचं राइस संग्रहालय बघून या. तिथली कापलेली थंडरएग पाहताना आतल्या चित्रासोबत कवचाची कडही बघा. कोणता कोन बाहेर कुठे पोचलाय हे कळलं की तुमच्या बादलीतली अंडी वेगळी दिसू लागतील.

आता गंभीर बोलते. कोरडा कट कधीही नाही. अँगल ग्राइंडरला डायमंड चकती लावून अंगणात दगड कापतानाचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील, ते विसरा. अकीक म्हणजे जवळजवळ शुद्ध सिलिका. तिची अतिसूक्ष्म धूळ फुप्फुसात जाऊन बसते, परत निघत नाही, आणि त्यातून होणाऱ्या सिलिकोसिस या फुप्फुसाच्या आजारावर बरं करणारं औषध नाही. खंभातमध्ये अकीक घासणाऱ्या कारागिरांमध्ये हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्यावर भारतात भरपूर संशोधन झालेलं आहे. पाणी किंवा तेल सतत पात्यावर हवंच, डोळ्यांना चष्मा हवा आणि यंत्र साफ करताना वाळलेला गाळ झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. तो गाळ सिंकमध्येही ओतायचा नाही. पाइपात जाऊन तो घट्ट बसतो.

कापून आल्यावर दोन्ही अर्धे भाग ओले करून बघा, पॉलिश झाल्यावर साधारण तसे दिसतील. सगळीच पॉलिश करण्यासारखी नसतात. स्लॅब सॉमध्ये मिनरल ऑइल वापरलेलं असेल तर आधी भांडी घासायच्या साबणाने दोन-तीनदा धुवा, मग मांजराच्या मातीत (कॅट लिटर), ती दुकानात मिळते ती साधी बिनवासाची, काही दिवस पुरून ठेवा. रायोलाइटचं कवच सच्छिद्र असतं, त्यातलं तेल ती माती ओढून घेते. तेल राहिलं तर कवचावर काळपट डाग दिसतात.

पॉलिशला यंत्र नसेल तरी चालतं. जाड, सपाट काचेवर कार्बोरंडमची पावडर आणि थोडं पाणी घेऊन अर्ध्या भागाचा चेहरा आठ आकड्यासारखा फिरवत घासायचा. नंबर जितका लहान तितकी पावडर भरड: आधी ८० नंबर, मग २२०, मग ४००, मग ६०० आणि १०००. शेवटी चामड्यावर किंवा फेल्टवर (लोकरीच्या नमद्यावर) सिरियम ऑक्साइड, म्हणजे पॉलिशची बारीक पावडर. वेळ खातं, पण छोट्या अंड्यांना उत्तम. नियम एकच आहे आणि त्यात सूट नाही: आधीच्या नंबरचा एकही ओरखडा शिल्लक असताना पुढच्या नंबरवर जायचं नाही. पेन्सिलीने सगळ्या चेहऱ्यावर जाळी काढा. घासल्यावर सगळ्या रेघा एकदम पुसल्या गेल्या तर चेहरा सपाट झालाय, कुठे उरल्या तर तिथे खोलगट आहे. नंबर बदलताना दगड, हात, नखं, काच सगळं धुवा, कवचाच्या खळग्यांत टूथब्रश फिरवा. ८० नंबरचा एक कण तिथे लपून राहिला आणि शेवटच्या पॉलिशला बाहेर आला, तर उजेडात लखलखणारा ओरखडा पडतो आणि पुन्हा मागे जावं लागतं.

गाभा दुधाळ असेल आणि अकीकाच्या पट्ट्या कुठेच दिसत नसतील तर तो ओपल असू शकतो. मग घाई नको. ओपलमध्ये पाणी धरलेलं असतं, जमिनीतून काढल्यावर तो वाळतो आणि काही वेळा आपोआप तडकतो. असं अंडं कापून काही महिने सावलीत राहू द्या. तडकायचं असेल तर पॉलिशची मेहनत घेण्याआधी तडकेल. घासतानाही त्याला तापू देऊ नका.

खणण्याच्या नियमांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढच्या वेळेसाठी सांगते. ओचोकोच्या राष्ट्रीय जंगलात ठरवून दिलेल्या जागी स्वतःच्या हौसेपुरतं, हातअवजारांनी खणता येतं, विकण्यासाठी नाही. निघण्याआधी प्राइनव्हिलच्या वन कार्यालयात फोन करून सध्याचे नियम विचारा. उन्हाळ्यात वणव्यांमुळे आणि वसंतात बर्फामुळे रस्ते कधीकधी बंद असतात. खड्ड्याच्या भिंतीत आडवं पोखरत जाऊ नका, ती माती ठिसूळ असते आणि वरचा भाग अंगावर येतो. निघताना खड्डा बुजवा. जॉन डे फॉसिल बेड्सच्या राष्ट्रीय स्मारकात एक खडाही उचलायचा नाही, आणि वॉर्म स्प्रिंग्सच्या आदिवासी राखीव भूमीत परवानगीशिवाय दगड गोळा करायचे नाहीत. हे दगड माउंट हूड आणि माउंट जेफरसनवरच्या गर्जनेच्या देवतांनी भांडताना एकमेकांवर फेकलेली अंडी आहेत, ही कथा त्याच परिसरातल्या आदिवासींची म्हणून सांगितली जाते. वडिलांना जोडी देताना तीही सांगा.

जोडीबद्दल: एकाच अंड्याची दोन अर्धी न्या, एक पॉलिश केलेलं आणि दुसरं नुसतं कापलेलं. पॉलिश केलेल्यात रंग दिसतो, न केलेल्यात कवचाचा पोत आणि पात्याचं काम दिसतं. त्यांच्यासारख्या दर्दी माणसाला दुसरंही तितकंच आवडेल. वरंबे ठळक असलेलं अंडं निवडा, म्हणजे दोन अर्धी जुळवून धरली की बाहेरचा वरंबा आतल्या कोणत्या कोनाशी जातो ते बोटाने दाखवता येतं. प्रत्येक अर्ध वेगळं जाड कापडात गुंडाळा, चेहऱ्यावर चेहरा ठेवून नाही, आणि चेक-इन बॅगेत टाका. केबिन बॅगेतल्या जड दगडावर तपासणीत उगाच चर्चा होते. कवचाच्या खालच्या बाजूला पांढऱ्या ऑइल पेंटचा ठिपका देऊन त्यावर शाईने खड्ड्याच्या जागेचं नाव आणि वर्ष लिहून ठेवा. पॉलिश झाल्यावर लिहिलंत तर उत्तम, आधी लिहिलंत तर घासताना ते पुसलं जाईल.

मोठ्या दोन अंड्यांचे वरंबे फोटोत नीट दिसत नाहीत. ती धुऊन, ओली करून, चारही बाजूंनी फोटो टाकलेत तर कुठून कापावं ते मी रेघ आखून दाखवेन.